गावतलावाचा समतोल कसा अभ्यासावा : नवख्यांसाठी टप्प्याटप्प्याने मार्गदर्शन

भंडारा, गोंदिया, चंद्रपूर आणि गडचिरोली या जिल्ह्यांत धानाच्या बांध्यांच्या वरच्या अंगाला जुने मालगुजारी तलाव आहेत. त्यांतील कित्येक गोंड राजवटीच्या काळात कोहळी समाजाच्या कर्त्या माणसांनी बांधले. १९५० च्या कायद्याने मालगुजारी (सारा वसूल करणाऱ्या जमीनदारांची पद्धत) संपली आणि तलाव शासनाच्या ताब्यात गेले, तरी आजही गावाचे धान, ढिवरांची मासेमारी, शिंगाडा आणि कमळकंद याच पाण्यावर अवलंबून आहेत. अशा तलावाचा अभ्यास करण्याची वेळ अनेकांवर येते. कोणाला महाविद्यालयाचा पर्यावरण प्रकल्प करायचा असतो, कोणी ग्रामपंचायतीच्या जैवविविधता व्यवस्थापन समितीवर असतो, तर कोणाला एका सकाळी मेलेले मासे पाळीला (तलावाच्या मातीच्या बांधाला) लागलेले दिसतात आणि त्याचे कारण हवे असते.

बहुतेक नवखे पक्ष्यांची आणि झाडांची यादी करून थांबतात. यादीवरून तलावात कोण राहते हे समजते, पण तलाव कशाच्या आधाराने टिकून आहे हे समजत नाही. ते समजून घ्यायचे असेल तर पाणी, गाळ, ऊन आणि पाण्यात विरघळलेला प्राणवायू यांच्याकडे तिथल्या जिवांइतक्याच बारकाईने पाहावे लागते, आणि तेही दिवसाच्या व वर्षाच्या वेगवेगळ्या वेळी. आर्थर टान्सली या ब्रिटिश वनस्पतिशास्त्रज्ञाने १९३५ साली परिसंस्थेची संकल्पना मांडली, तेव्हा सजीवांना त्यांच्या भौतिक परिसरापासून तोडून अभ्यासता येणार नाही, हाच त्याचा मुख्य मुद्दा होता. म्हणून पुढील टप्प्यांत आधी भौतिक परिसर, मग सजीव आणि शेवटी दोहोंचे नाते असा क्रम ठेवला आहे.

आधी जमवायची कागदपत्रे आणि साधने

कागदपत्रांत गाव नकाशा, तलावाच्या गट क्रमांकाचा सातबारा आणि शक्य झाल्यास १ : ५०,००० प्रमाणाचा भूमापन नकाशा घ्यावा. तलाव जिल्हा परिषदेच्या लघुपाटबंधारे विभागाकडे आहे की राज्य शासनाकडे, याची चौकशी ग्रामपंचायतीत करावी. मासेमारीचा ठेका ज्या सहकारी संस्थेकडे असेल तिला लेखी कळवूनच पाण्यात उतरावे. ठेकेदार संस्थेला न विचारता जाळे टाकणारा माणूस अभ्यासक आहे, हे पाळीवरच्या कोणाला पटत नाही आणि पटावे अशी अपेक्षाही करू नये. गावात लोक जैवविविधता नोंदवही (स्थानिक सजीवांची गावाने ठेवलेली नोंद) तयार झाली असेल तर तिची प्रत मागून घ्यावी.

साधने फार महाग नाहीत. साधा जलतापमापक, आम्ल-अल्क मोजण्याच्या पट्ट्या, विरघळलेल्या प्राणवायूचा चाचणी संच, अमोनियाचा संच (मत्स्यालयाच्या दुकानात मिळतो तोही चालतो), दर दहा सेंटिमीटरवर खूण केलेली दोरी, हातभर लांबीची पारदर्शक नळी, बारीक विणीच्या कापडाचे हातजाळे, पांढरा ट्रे, भिंग, दुर्बीण आणि जाड पुठ्ठ्याची वही एवढ्यावर काम भागते. डोंग्यात बसणाऱ्या प्रत्येकाला तरंगजॅकेट हवेच, कारण कमळाच्या वेलीत पाय गुंतला तर पट्टीच्या पोहणाऱ्यालाही बाहेर पडणे अवघड जाते.

१. तलावाची खरी हद्द ठरवा

पाण्याची कड म्हणजे तलावाची हद्द, असे धरून चालू नका. तलावात येणारे प्रत्येक द्रव्य पाणलोटातून येते, म्हणून वरच्या बाजूचे जंगल, पडीक जमीन, शेते आणि वस्तीची गटारे हीदेखील अभ्यासात धरावी लागतात. पाळीवरून एक फेरी मारून पाणी कुठून आत येते, तुडुमातून (पाळीतल्या पाणी सोडण्याच्या दारातून) कुठे जाते आणि सलंगावरून (सांडव्यावरून) जास्तीचे पाणी कोणत्या नाल्याला मिळते, हे नकाशावर रेखाटा. वरच्या बांध्यांत युरिया किंवा डीएपी ही खते कधी टाकतात आणि पहिला जोराचा पाऊस कधी येतो, या दोन तारखांचे अंतर टिपून ठेवा. पुढे हिरव्या पाण्याचे कारण शोधताना हीच नोंद उपयोगी पडते.

२. अजैविक घटक मोजा

मोजमापासाठी निदान तीन जागा निवडा : आवक होते तिथला उथळ भाग, वनस्पतींचा पट्टा आणि पाळीजवळचे खोल पाणी. जागा दर वेळी त्याच ठेवा आणि प्रत्येक नोंदीसमोर वेळ लिहा. वेळ नसलेली नोंद जवळजवळ निरुपयोगी असते.

पाण्याची पारदर्शकता पाहण्यासाठी वीस सेंटिमीटर व्यासाची, काळ्या-पांढऱ्या चतकोरांत रंगवलेली आणि वजन लावलेली चकती वापरतात. लोखंडी पत्र्याची अशी चकती गावातला वेल्डरही करून देतो. ती डोंग्याच्या सावलीच्या बाजूने पाण्यात सोडा आणि दिसेनाशी होते ती खोली लिहा. या खोलीच्या साधारण दुपटीपर्यंत वनस्पतींना पुरेल इतका प्रकाश पोहोचतो, असा ढोबळ नियम आहे. चकती अर्ध्या मीटरवर नाहीशी होत असेल आणि तलाव दोन मीटर खोल असेल, तर तळाशी पाणवनस्पती का नाहीत याचे उत्तर बहुधा तिथेच मिळते.

येथे एक सापळा आहे. गढूळ पाणी दोन कारणांनी गढूळ असते. पाण्याची बाटली भरून एक दिवस न हलवता ठेवा. तळाशी तांबूस-करडा थर बसला तर तो मातीचा गाळ असतो, आणि पाणी हिरवटच राहिले तर त्यात सूक्ष्म शैवाल असते. मातीचा दोष पाणलोटातील धुपीत किंवा तळ ढवळणाऱ्या माशांत शोधावा लागतो, तर शैवालाचा दोष खत, सांडपाणी आणि निर्माल्यात. दोन्हींचे उपाय वेगळे असल्यामुळे ही साधी चाचणी टाळू नये.

३. प्राणवायू पहाटे मोजा आणि दुपारीही मोजा

तलावातील सजीव आणि निर्जीव यांचे नाते एकाच आकड्यात पाहायचे असेल, तर तो आकडा विरघळलेल्या प्राणवायूचा आहे. पाणी जितके गरम तितका त्यात प्राणवायू कमी मावतो : २० अंश सेल्सिअसला लिटरमागे सुमारे ९ मिलिग्रॅम, तर ३० अंशांना सुमारे साडेसात. दिवसा वनस्पती आणि शैवाल प्रकाशसंश्लेषण करून त्यात भर घालतात, आणि हिरव्यागार तलावात दुपारी हा आकडा या मर्यादेच्याही वर जातो. सूर्य मावळला की भर थांबते, पण श्वसन थांबत नाही. मासे, गोगलगाई, गाळातले जिवाणू आणि ज्यांनी दिवसा प्राणवायू दिला त्या वनस्पतीही रात्रभर तो वापरत राहतात, त्यामुळे सर्वांत कमी पातळी सूर्योदयाच्या थोडी आधी येते.

म्हणून फक्त सकाळी अकरा वाजता मोजून तलाव निरोगी असल्याचे ठरवणे हा या अभ्यासातला सर्वांत मोठा सापळा आहे. पहाट आणि दुपार यांच्या आकड्यांतला फरक जितका मोठा, तितका तलावातील जिवांचा कारभार टोकाला गेलेला असतो. पहाटेचा आकडा लिटरमागे तीन मिलिग्रॅमच्या खाली गेला की रोहू आणि कटला पृष्ठभागाशी येऊन तोंड उघडून हवा घेऊ लागतात. त्यांच्या तोंडाची पांढरट वर्तुळे अंधुक उजेडातही पाळीवरून दिसतात, आणि उन्हे वर आली की ती आपोआप नाहीशी होतात. मरळ, शिंगी आणि मागूर यांना हवेतून श्वास घेता येतो, त्यामुळे ते अशा पाण्यातही टिकतात. मेलेल्या माशांत फक्त रोहू-कटला असतील आणि मरळ नसेल, तर विषापेक्षा प्राणवायूच्या तुटवड्याचा संशय आधी घ्यावा. सलग ढगाळ दिवसांनंतर, तसेच पहिल्या जोराच्या पावसाने सडका पालापाचोळा आत वाहून आल्यानंतर असे प्रसंग अधिक घडतात.

संच वापरताना बाटली पाण्याखाली धरूनच भरा आणि एकही बुडबुडा राहणार नाही असे पाहून बूच लावा. त्यात मँगनीज सल्फेट आणि नंतर अल्कधर्मी आयोडाइडचे द्रावण टाकताच साका तयार होतो. साका तपकिरी झाला तर प्राणवायू आहे, आणि पांढराच राहिला तर तो जवळजवळ संपला आहे. पुढची मोजणी घरी सावकाश करता येते, पण ही दोन द्रावणे मात्र तलावाच्या काठावरच टाकावी लागतात. आयोडाइडचे द्रावण कातडीला झोंबते, म्हणून हातमोजे घाला आणि उरलेले रसायन तलावात ओतू नका.

याच दोन वेळी आम्ल-अल्क (pH) पट्टीही बुडवा. दिवसा वनस्पती पाण्यातील कार्बन डायऑक्साइड खेचून घेतात आणि पाणी अल्कधर्मी होते. दाट हिरव्या तलावात दुपारचा आकडा नऊच्या पुढे जातो व रात्री पुन्हा उतरतो. अमोनियाचा मोठा हिस्सा अशा अल्कधर्मी व गरम पाण्यातच माशांना घातक रूप घेतो, म्हणून अमोनियाची चाचणी दुपारची घ्यावी.

४. गाळ वाचायला शिका

पारदर्शक नळी तळाच्या चिखलात उभी रोवा, वरचे तोंड बुचाने घट्ट बंद करा, हळूच उपसा आणि नळी उजेडात धरा. निरोगी उथळ भागात वरची पातळ साय फिकट तपकिरी दिसते आणि तिच्याखाली काळा चिखल असतो. ती तपकिरी साय म्हणजे प्राणवायूच्या संपर्कातले लोह. हे लोह फॉस्फरसला बांधून ठेवते. तळाचा प्राणवायू संपला की लोहाचे रूप बदलते, बांधलेला फॉस्फरस सुटून पाण्यात येतो आणि शैवालाला आयते खत मिळते. शैवाल वाढते, मरून तळाशी साचते, ते कुजताना उरलासुरला प्राणवायू संपतो आणि फॉस्फरस आणखी सुटतो. वरून येणारे सांडपाणी बंद करूनही काही तलाव वर्षानुवर्षे हिरवेच का राहतात, याचा उलगडा या चक्रात आहे.

नळीतला चिखल अगदी वरपासून काळा असेल आणि त्याला कुजक्या अंड्यांसारखा वास येत असेल, तर ती साय उरलेली नाही. अशा चिखलात बहुधा लालभडक बारीक अळ्या सापडतात. या डासासारख्या पण न चावणाऱ्या माश्यांच्या अळ्या असून त्यांच्या शरीरात हिमोग्लोबिन असल्यामुळे त्या कमी प्राणवायूतही जगतात. त्या थोड्या असणे स्वाभाविक आहे. त्यांच्याखेरीज दुसरे काहीच न सापडणे, ही चिंतेची गोष्ट आहे.

५. सजीवांची नोंद कामानुसार करा

आता यादीकडे वळता येईल, पण नावांच्या बाजूला प्रत्येकाचे काम लिहा. उत्पादकांत सूक्ष्म शैवाल, पाण्याखालची हायड्रिला, तरंगत्या पानांचे कमळ व शिंगाडा आणि काठावरचे पाणकणीस व लव्हाळा येतात. हातजाळे वनस्पतींतून फिरवून पांढऱ्या ट्रेमध्ये रिकामे केले की चतुरांच्या अळ्या, पाणविंचू, गोगलगाई आणि टाचणीच्या डोक्याएवढ्या, धक्के घेत पोहणाऱ्या जलपिसवा दिसतात. या जलपिसवा शैवाल गाळून खातात, म्हणून त्यांची संख्या तलावाच्या स्वच्छतेशी थेट जोडलेली आहे.

माशांची नावे स्थानिक ढिवरांकडूनच घ्या. कोणता मासा कोणत्या भागात, कोणत्या महिन्यात अंडी घालतो हे त्यांना जितके ठाऊक असते तितके क्वचितच कुठे लिहिलेले सापडेल. पावसाळ्याच्या सुरुवातीला उथळ, गवताळ काठावर मरळीची नारिंगी-तांबडी पिले दाट थव्याने फिरताना दिसतात आणि त्यांच्याखाली मोठी मरळ राखण करत असते. तो काठ उथळ आणि गवताळ राहिला तरच हे दृश्य दिसते. रोहू, कटला आणि मृगळ हे मुळात नदीतले मासे असल्यामुळे साचलेल्या पाण्यात सहसा अंडी घालत नाहीत, म्हणून त्यांची बोटुकली (बोटभर लांबीची पिले) दर वर्षी विकत आणून सोडावी लागते.

पक्ष्यांना मी शेवटी ठेवतो, कारण ते उडून दुसऱ्या तलावावर जाऊ शकतात आणि त्यामुळे एका दिवसाच्या नोंदीवरून फारसे काही ठरवता येत नाही. तरीही कोण कुठे चरतो ते पाहा. कमळाच्या पानांवर कमळपक्षी, मोकळ्या पाण्यात बुडी मारणारी टिबुकली, चिखलात शेकाट्या आणि हिवाळ्यात उथळ पाण्यात थापट्या बदके असतील, तर तलावात चारही प्रकारची ठिकाणे शाबूत आहेत. गोंदिया-भंडाऱ्यातला सारस तर तलाव आणि धानाच्या बांध्या या दोन्हींवर अवलंबून आहे.

६. धागे जोडा

एका मोठ्या कागदावर वर अजैविक घटक, खाली सजीव असे मांडून बाण काढा. प्रत्येक बाणावर क्रियापद लिहा : अडवते, खाते, ढवळते, सावली देते, कुजवते. क्रियापद सुचत नसेल तर तो बाण काढू नका.

हा नकाशा नीट जमला की एक गोष्ट ध्यानात येते. उथळ तलाव दोन स्थितींत टिकून राहू शकतो. पहिल्या स्थितीत पाणवनस्पती गाळ धरून ठेवतात, पाण्यातील पोषकद्रव्ये शोषतात आणि जलपिसवांना लहान माशांपासून आडोसा देतात, त्यामुळे पाणी नितळ राहते आणि नितळ पाण्यामुळे वनस्पती वाढतात. दुसऱ्या स्थितीत वनस्पती नसतात, वाऱ्याने व तळ उकरणाऱ्या सायप्रिनससारख्या (कॉमन कार्प) माशांनी गाळ वर येतो, शैवाल वाढते, प्रकाश तळापर्यंत जात नाही आणि म्हणून वनस्पती पुन्हा रुजत नाहीत. दोन्ही स्थिती स्वतःला टिकवतात. त्यामुळे पहिल्या स्थितीतून दुसरीत घसरणे सोपे असते, आणि परतण्यासाठी खताचा किंवा सांडपाण्याचा भार पूर्वीपेक्षाही कमी करावा लागतो. मरळीसारखा शिकारी मासा बेसुमार पकडला गेला तरी लहान मासे वाढतात, ते जलपिसवा संपवतात आणि खत न वाढताही पाणी हिरवे होऊ शकते.

७. निदान एक पूर्ण वर्ष पाहा

जूनमध्ये नवे पाणी गाळ आणि पोषकद्रव्ये घेऊन येते, म्हणून पावसाळ्यातले गढूळपण हा बिघाड समजू नये. धान निसवण्याच्या सुमारास तुडूम उघडले की पातळी उतरते, हिवाळ्यात पाणी निवळते व पाणवनस्पती भरात येतात. उन्हाळ्यात कड मागे सरकून चिखलाला भेगा पडतात आणि त्यावर गुरे चरतात. या उघड्या पडलेल्या पट्ट्याबद्दल नवख्यांना हमखास वाईट वाटते. वास्तविक भेगांतून हवा आत गेल्यामुळे साचलेला पालापाचोळा वेगाने कुजतो, काळा चिखल पुन्हा तपकिरी होतो आणि कित्येक काठवनस्पतींचे बी अशाच ओलसर उघड्या मातीत रुजते. पुढच्या पावसात तोच पट्टा बुडाला की तिथे सूक्ष्मजीवांची दाटी होते आणि माशांच्या पिलांना खाद्य मिळते. वर्षभर काठोकाठ भरलेला तलाव दिसायला सुंदर असला, तरी हे सगळे त्याच्या वाट्याला येत नाही.

८. हस्तक्षेप सुचवण्यापूर्वी हे तपासा

गाळ काढणे. २०१७ पासून ‘गाळमुक्त धरण, गाळयुक्त शिवार’ योजनेमुळे हे काम अनेक गावांत सुरू झाले. गाळ शेतात जातो हे चांगलेच, पण खोदाई मूळ तळापर्यंतच थांबवावी. तळाचा चिकणमातीचा थर फोडून मुरूम उघडा पडला तर पाणी झिरपून जाते. सगळा तलाव सारख्या खोलीचा करू नये, काठाचा उतार राखावा आणि वनस्पतींचा काही भाग न छेडता सोडावा, म्हणजे तिथून पुन्हा पसरण होते.

जलपर्णी आणि बेशरम. दोन्ही मूळच्या अमेरिका खंडातल्या. जलपर्णी पृष्ठभाग झाकून प्रकाश अडवते, म्हणून ती काढावीच, पण काढलेला ढीग काठावर कुजत ठेवला तर पोषकद्रव्ये पहिल्या पावसात परत पाण्यात येतात. तो पाणलोटाबाहेर नेऊन खत करावे. तणनाशक फवारून पाण्यातच मारली, तर कुजताना प्राणवायू संपून मासे मरतात.

मासे सोडणे. पाणवनस्पती जास्त वाटल्या म्हणून गवत्या मासा (ग्रास कार्प) सोडणे धोक्याचे आहे. तो हायड्रिला संपवतो आणि तलाव वर सांगितलेल्या दुसऱ्या स्थितीत जाऊ शकतो. तिलापिया किंवा आफ्रिकी मागूर कोणी सुचवला तर स्पष्ट नकार द्यावा.

सुशोभीकरण. काठाला दगडी पिचिंग, सिमेंटची भिंत आणि फिरण्याचा रस्ता झाला की मरळीचा गवताळ काठ आणि शेकाट्याचा चिखल दोन्ही जातात. या कामाला विरोध करताना पाणथळ जागांच्या २०१७ च्या नियमांचा आधार मिळेल, असे गृहीत धरू नका. मुद्दाम सिंचनासाठी बांधलेल्या रचना त्या नियमांच्या व्याख्येतून वगळल्या आहेत. त्यापेक्षा ग्रामसभेचा ठराव आणि मत्स्य संस्थेचे लेखी म्हणणे यांवर भर द्यावा.

९. नोंद कुठे द्यायची

जैविक विविधता अधिनियम, २००२ नुसार प्रत्येक स्थानिक स्वराज्य संस्थेने जैवविविधता व्यवस्थापन समिती नेमायची असते आणि लोक जैवविविधता नोंदवही तयार करणे हे त्या समितीचे काम आहे. आपली नोंद या समितीला द्या. त्यात तीन जागांचा नकाशा, पहाट व दुपारचे आकडे, गाळाच्या नळीची छायाचित्रे, कामानुसार लावलेली सजीवांची यादी आणि बाणांचा कागद जोडा. ज्या ढिवर बांधवांनी माहिती दिली त्यांना विचारूनच त्यांची माहिती लिहा. मरळीच्या विणीच्या नेमक्या जागा उघड करू नयेत असे त्यांनी सांगितले, तर तेवढा भाग समितीच्या प्रतीतूनही वगळा. पुढच्या वर्षी मोजणी करणाऱ्याला तीच जागा सापडावी म्हणून पाळीवरच्या एखाद्या ठळक झाडापासूनचे किंवा तुडुमापासूनचे अंतर वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.